प्रस्थानाचं गाठोडं

कुंभकोणम् स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानात सिलोनच्या गाड्यांचं वेळापत्रक एकच उरलं होतं, आणि त्याच्यावर दोन हात एकदम पडले. एक माझा. दुसऱ्या हाताला पितळ घासायच्या चिंचेचा आंबट वास होता.

"मी आधी घेतलं," मी तमिळमध्ये ठणकावलं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी; घराबाहेर तमिळच बोलतो.

"घ्या की, अम्मा," तोही तमिळमध्येच म्हणाला... हात मात्र काढला नाही. "पण खालच्या बारीक टिपा वाचल्याशिवाय त्यात गाडी सापडत नाही." आणि मग तोंडातल्या तोंडात, चक्क मराठीत — "डोळे तर मोठे आहेत, वाचतील म्हणा."

"डोळे मोठे असोत कीं लहान," मी मराठीत म्हटलं, "तुम्हांला काय करायचं आहे?"

हात असा उडाला, जणू पुस्तकाला चटका होता. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला पुरुष मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. बाहेर आश्विनातला पाऊस पत्र्यावर सावकाश टपटपत होता, आणि मला उगाचच घरी जायची घाई वाटेना.

त्याचं नाव वैद्यनाथ. स्टेशनासमोरच त्याचं घर आणि दुकान. जवळच्या नाचियार्कोविल गावच्या समया तो कोलंबोच्या व्यापाऱ्यांना पाठवायचा, त्या निमित्ताने दोनदा समुद्र ओलांडून आला होता. आणि मी? मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. नकाशावर बोट ठेवून बंगालचा उपसागर दाखवायचे, पण खरा समुद्र मी बापजन्मी पाहिला नव्हता. शिक्षिकेची परीक्षा पास झाले तर परदेश दाखवीन, असं अप्पांनी कबूल केलं होतं, आणि मी पास झाले होते. आई गेल्यापासून अप्पा मला कशालाच नाही म्हणत नसत. फक्त पंचांग मध्ये आलं नाही तर!

म्हणून आमचा प्रवास आखून द्यायला वैद्यनाथ आमच्या ओसरीवर येऊ लागला. मध्ये कंदील, एका बाजूला अप्पांचं पंचांग, दुसऱ्या बाजूला वेळापत्रक, आणि तिसऱ्या बाजूला मी — लिहून घ्यायला, असं सांगायला.

"शुक्रवारी सकाळीं कोलंबो," तो सांगे. "त्या दिवशीं गाव पाहायचा. शनिवारीं कँडी. सकाळच्या गाडीनं जायचं, सांजेला परत. मध्यें डोंगर येतो, गाडी त्याला वळसे घालीत चढते... ढग खिडकीशीं येतात."

"आंत येतात?" मी विचारलं.

"बोलावलात तर येतील."

अप्पा खाकरले. "रविवारीं काय?"

"रविवारीं गाल बंदर. समुद्राच्या कडेकडेनं गाडी. उजवीकडची खिडकी धरायची, विसरायचं नाही. लाट फुटली कीं तुषार गालावर..."

माझा हात आपोआप गालाकडे गेला. त्यानं ते पाहिलं. मी पाहिलं, की त्यानं पाहिलं. अप्पांनी पंचांगाचं पान उलटलं, देवाची कृपा.

"रविवारीं साडेचार ते सहा राहुकाळ," अप्पा म्हणाले. "त्यांत गाडीत पाऊल ठेवायचं नाही."

"मग साडेचारच्या आधींच जाऊन बसूं."

"बसूं?" मी हळूच म्हटलं.

"बसा... म्हणालों मी," तो वेळापत्रकात डोकं घालून म्हणाला.

अशा दहा संध्याकाळी गेल्या. आधी मला कोलंबो स्वप्नात दिसायचं. मग स्वप्नातल्या गाडीत समोरच्या बाकावर कुणीतरी बसू लागलं, आणि त्याच्या हाताला चिंचेचा वास असायचा. मला माझाच राग यायचा. रोज सकाळी यायचा, संध्याकाळी कंदील पेटला की जायचा.

घोळ घातला तो गुरुवारने. शाळा बुधवारी बंद होणार, गाडी गुरुवारी पहाटेची, आणि सिलोनची बोट सुटते ते धनुष्कोडी दक्षिणेला. गुरुवारी दक्षिणेकडे निघणं पंचांगाला मुळीच मान्य नाही. अप्पांचं तोंड उतरलं. मग त्यांनी स्वतःच वाट काढली — प्रस्थान ठेवायचं! एका गाठोड्यात माझं लुगडं, त्यांचं उपरणं, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधायचं आणि बुधवारच्या चांगल्या घटकेला जाण्याच्या वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघालं. शास्त्राला तेवढं पुरतं.

वाटेवरचं घर अर्थात एकच होतं. बुधवारी शाळेला जाताना मी गाठोडं वैद्यनाथच्या आईच्या, लक्ष्मीदेवींच्या हाती दिलं. त्यांनी ते देवघरासमोर पाटावर ठेवलं आणि मला कुंकू लावलं.

आणि दुपारी कोइमतूरहून पत्र आलं. मुलगा वकील, घराणं मोठं. मंडळी शुक्रवारी मला बघायला येणार. अप्पांचे डोळे भरून आले. "कोलंबो कुठं पळून जातें होय? पुढल्या वर्षीं नवऱ्याबरोबर जा. आत्तां जाऊन गाठोडं घेऊन ये, पंकजा."

मी छत्री घेऊन निघाले. रस्ताभर पाऊस होता आणि मला एकच कळत होतं — समुद्र जातो आहे याचं वाईट वाटतच होतं, पण रडू त्याचं येत नव्हतं.

लक्ष्मीदेवींनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ मान हलवली. "प्रस्थान ठेवलेलं गाठोडं प्रवास झाल्यावांचून माघारी नेत नाहींत, पोरी. तुझ्या अप्पाला विचार. त्याला माझ्यापेक्षां जास्त ठाऊक." आणि त्या कॉफी करायला आत गेल्या. कॉफीला त्या दिवशी त्यांनी फार वेळ लावला.

वैद्यनाथ दाराशी उभा होता. हातात अर्धी घासलेली समई.

"कोइमतूर," तो म्हणाला. "तिथं... समुद्र नाही."

"माहीत आहे. मी भूगोल शिकवतें."

तो हसला नाही. पाटावरच्या गाठोड्याकडे बघत राहिला. "पंकजाबाई, शास्त्राप्रमाणें गाठोडं जिथं, माणूस तिथं. तुम्ही सकाळपासून आमच्याच घरीं आहां. मी आज तीनदां येऊन पाहून गेलों."

"गाठोडं पाहून?"

"तुम्हांला पाहून." त्यानं समई खाली ठेवली. "मला वाटतं... तुम्ही इथंच राहावं. नेहमीसाठीं. बोलायला उशीर केलों, ठाऊक आहे."

पत्र्यावरून पाण्याच्या धारा ओघळत होत्या. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं, की आत कॉफी गाळणाऱ्या लक्ष्मीदेवींना ऐकू जाईल असं वाटलं.

"त्या गाठोड्यांत अप्पांचं उपरणंही आहे," मी म्हटलं. "म्हणजे तेही सकाळपासून इथंच आहेत. त्यांच्यादेखत विचारतां आहां तुम्ही!"

"मग?"

"मग... त्यांनाच जाऊन विचारतें."

मी रिकाम्या हातानं घरी आले. अप्पांना म्हटलं, गाठोडं देत नाहीत. प्रस्थान मोडून नव्या सोयरिकीची बोलणी करायची का, तुम्हीच पंचांगात बघून सांगा. अप्पांनी पंचांग काढलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यांच्याच शास्त्रानं त्यांना कोपऱ्यात गाठलं होतं. आणि तेव्हा मी धीर केला.

"अप्पा, शास्त्र राहूं दे. मला कोइमतूर नको."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग उठले आणि कोइमतूरला तार करायला गेले. तारेत काय लिहिलं, ते त्यांनी सांगितलं नाही. या खेपेला येऊ नका, एवढंच, की कधीच येऊ नका? विचारायची माझी छाती झाली नाही.

पहाटे फलाट ओला होता. वैद्यनाथ गाठोडं घेऊन आला. खिडकीतून आत देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... आणि तिथंच राहिली. अप्पा समोर पंचांग उघडून बसले होते, दिव्याच्या अंधूक उजेडात.

"उजवीकडची खिडकी," तो पुटपुटला. "गालच्या गाडींत. विसरायचं नाही."

"नाही विसरणार. आणि परत आलें कीं हें गाठोडं..." मी अप्पांकडे एक नजर टाकली. "...तुमच्याच घरीं ठेवूं?"

त्याची मान डोलली, दोनदा, तीनदा. शिट्टी झाली. गाडीनं हिसका दिला, आमचे हात सुटले. तो गाडीबरोबर चालू लागला.

तेवढ्यात अप्पांनी पंचांग मिटलं, माझ्या खांद्यावरून खिडकीबाहेर डोकं काढलं आणि खड्या आवाजात विचारलं,

"वैद्यनाथा! तुझं गोत्र काय रे?"

तो पळू लागला. "भारद्वाज!" तो ओरडला, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असा. "भारद्वाज, अप्पा!"

आमचं काश्यप. मी गाठोडं छातीशी धरलं आणि डोळे मिटून घेतले. अप्पा परत पंचांग उघडून मार्गशीर्षातले दिवस मोजत होते.