डाव्या हाताचे दाणे

"देवाचं उजव्या हातानं कर, सरू… कामाला तुझा डावाच बरा हाय."

माय जाऊन तीन वर्षं झाली, तरी रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना सरूला हा आवाज ऐकू यायचा. मायही तिच्यासारखीच डावखुरी. पण मागच्या साली बघायला आलेल्या पाहुण्यांना सरूनं चुकून डाव्या हातानं चहा दिला, अन् होणारी सासू कप न घेताच उठली. तेव्हापासून परक्या माणसासमोर तिचा डावा हात ओढणीआड.

म्हणून तर केजहून आलेल्या बंकट मिस्त्रीला ती रोज उजव्या हातानं चहा द्यायची… अन् रोज सांडायची.

"सचिवबाई, दुष्काळ हाय. अर्धा चहा फरशीला कावून पाजता?"

"तुमी भिंत पाडा. कपाकडं बघू नका."

"कपाकडं कोण बघतंय?"

ती लगबगीनं दुधाच्या कॅनांकडं वळली. कान तापले होते.

गावच्या महिला दूध संस्थेची ती सचिव. चाऱ्या-पाण्यावाचून दूध आटलेलं. आता पेंडीचं दुकान काढायचं म्हणून बायकांनी दोन खोल्यांची एक करायला घेतली होती. भिंत पडली, अन् वर बघते तर छताच्या दोन तऱ्हा! नव्या खोलीचा गिलावा गुळगुळीत, जुन्या खोलीचा खरबरीत. खराट्यानं पातळ सिमेंट उडवून उठवलेले दाणे होते ते. पडलेल्या भिंतीच्या जागी उरलेल्या मधल्या पट्ट्यावर बंकटनं तसेच दाणे उडवले, खरडले, पुन्हा उडवले. मेळ बसेना.

अध्यक्षा विमलकाकू वैतागल्या. "समदं छत खरडून गुळगुळीत कर, बाबा. उद्या पेंडीचा टेम्पो येतोय."

सरूनं वर पाहिलं. ते दाणे मायनं डाव्या हातानं उडवलेले होते, पहिली खोली बांधताना, पदर खोचून परांचीवर चढून. घरात तर मायचा फोटोसुद्धा नव्हता.

काकू गेल्या तशी ती हळूच म्हणाली, "मिस्त्री… खराटा द्या."

"तुमी चढता?"

ती चढली. क्षणभर घुटमळली… मग ओढणी कमरेला बांधून डावा हात मोकळा केला. सप… सप! दाणे मायच्या दाण्यांसारखेच तिरपे बसत गेले. गुळगुळीत बाजू जवळ आली तसा तिनं हात हलका केला. दाणे विरळ झाले, मग विरून गेले. सांधा कुठं होता, सांगता येईना.

खाली बंकट मान वर करून उभा. नाकावर सिमेंटचा थेंब.

"चहा यापायी सांडत होता व्हय?"

तिचे डोळे भरले. "पाहुणे उठून गेलते माझे… या हातापायी."

"मी कुठं उठलो?" तो थेंब पुसायला गेला अन् गालभर फासून बसला. "सोमवारी माझ्या मायला घेऊन येऊ?… पर चहा डाव्या हातानं पायजे. भरलेला."

ती हसली, रडता रडताच. "देईन."

"अन् तवर सांध्याला पाणी मारा. मी कडा गावाला दुसऱ्या कामावर चाललो. सुकला तर तडकंल."

"न्हाई सुकू देणार."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं टँकरच्या पाण्यातलं आपल्या आंघोळीचं पाणी बादलीत काढून ठेवलं. अंग नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं. उजव्या हातानं तुळशीला पळीभर घातलं, हात जोडले. मग बादली डाव्या हातात घेतली, अन् ओट्यावर बसलेल्या बायकांसमोरून, हात न लपवता, संस्थेकडं चालू लागली.