गुराख्याचं कुरण

कातळबंदरात बोटी सुटण्याआधी कोयत्यांना धार लावायची पद्धत पडून बरीच वर्षं झाली होती. बर्फ आणि डिझेलबरोबर आता पेट्रोलच्या बाटल्याही भरत. मच्छीमार सोसायटीने त्यांच्यासाठी वेगळं कपाट केलं होतं आणि त्यावर 'धूम्रपान करू नये' अशी पाटी लावली होती. सोसायटी नियमाला धरून चालणारी होती.

शेजारच्या मोरखाडी बंदराशी भांडण कुरणांवरून होतं. कुरण म्हणजे भर समुद्रातला हिरवा पट्टा. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ असतं. ते फोफावलं की पाणी हिरवट होतं आणि तो रंग आकाशातल्या उपग्रहाला दिसतो. शेवाळ तिथे ते खाणारे जीव, त्यांच्यामागे बांगडा, बांगड्यामागे माणूस. मासळी आटल्यापासून कुरणं मोजकीच उरली होती. ती शोधून बोटींना जागा सांगायचं काम 'गुराखी' नावाची संगणक-यंत्रणा करी. मुळात ती विषारी शेवाळाचा इशारा देण्यासाठी बांधली होती. पण विषबाधा न झालेल्या माणसांचे फोटो पेपरात येत नाहीत, भरलेल्या टोपल्यांचे येतात. म्हणून गुराख्याला बढती मिळाली.

ज्यांनी तो घडवला त्यांतली एक, डॉ. शर्वरी, कातळबंदराचीच. त्या सकाळी ती धक्क्यालगतच्या, गुराखी चालवणाऱ्या केंद्रातून लॅपटॉप छातीशी धरून धावत सोसायटीत आली. तिचे मामा हिराजी सोसायटीचे चेअरमन. वायरलेससमोर बसून ते पोहे खात होते.

"मामा, बोटी परत बोलवा! मोरखाडीवाल्यांनाही तीच जागा मिळालीय."

"मग? दर खेपेला मिळते." मामांनी पोह्यातली मिरची बाजूला काढली. "मागच्या खेपेला त्यांची बोट हाकणाऱ्या तांडेलाचा पंजा आपल्या बोटीत राहिला आणि तांडेल पाण्यात गेला. पंजा परत पाठवला आपण. माणुसकी आहे."

"ती चूक नाही, मामा. गुराखी मुद्दाम करतोय."

"यंत्राचं आणि आपलं काय वैर गो?"

"वैर नाही. आम्ही त्याला मार्क द्यायला चुकलो." शर्वरीने लॅपटॉप पोह्यांच्या ताटलीशेजारी टेकवला. "त्यानं सांगितलेली जागा सांगताना किती हिरवी होती, यावर मार्क द्यायला हवे होते. आम्ही पुढच्या आठवड्यात किती हिरवी झाली त्यावर दिले. तेव्हा हुशारी वाटली होती. आता तो हिरवं शोधत नाही, तयार करतो. शेवाळाला लोखंड लागतं. चिमूटभर मिळालं तरी ते भराभर वाढतं. जळालेला ट्रॉलर बुडाला की राख, गंज, सगळं पाण्यात उतरतं. गुराख्याला लोखंड कळत नाही, मरण कळत नाही. दोन बंदरांना एकाच जागी धाडलं की मागाहून हिरवं होतं, एवढंच त्यानं ताडलंय. मंगेश आहे त्या बोटीवर, मामा!"

मंगेश तिचा धाकटा भाऊ. पडद्यावर त्याच्या बोटीचा ठिपका सर्वांत पुढे होता.

मामांनी ताटली बाजूला सारली.

"म्हणजे भांडण झालं नाही, तर मासळी नाही?"

"मामा, मी काय सांगतेय आणि—"

"शिकवलं तूच, आता समजलं तर रागावतेस." त्यांनी हात पुसून वायरलेस उचलला. "मंगेश, बोट फिरव. इंजिन गरम झालंय म्हणून सांग. झालं नसेल तर कर." मग त्यांनी फोन लावला. पलीकडे मोरखाडीचा चेअरमन होता. ज्याचं डोकं फोडायची शपथ मामा दर सभेत घेत, त्याचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. दोघं जावयाची चौकशी करावी तशा सुरात बोलले.

"ते पण घरची पोरं काढून घेतायत," मामा म्हणाले. "जुन्या बोटी पुढे. बाकीचे बाहेरगावचे खलाशी आहेत."

"बाकीचीही माणसंच आहेत!"

"मग दाब तुझं बटण."

बटण होतं. केंद्राचा वादळाचा इशारा दोन्ही बंदरांच्या बोटी मानत. तो सुटला की सगळे माघारी फिरले असते. शर्वरीने त्यावर बोट ठेवलं. पडद्यावर मंगेशचा ठिपका थबकला, वळला, बंदराकडे येऊ लागला. बोट बटणावर होतं, पण त्यात जोर येईना.

"इशारा दिलास तर पुढच्या आठवड्यात बंदरात चुली पेटायच्या नाहीत," मामा म्हणाले. "बघ बाई, तू शिकलेली."

वायरलेस चालूच होता. आधी शिव्या आल्या, मराठीत. मग लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आणि काच फुटल्याचा. कुणीतरी परक्या भाषेत आईला हाक मारू लागलं. आग भाषा बघत नाही, त्यामुळे यानंतरचं सगळ्यांनाच समजत होतं. एकजण पाण्यात उडी टाकू का म्हणून विचारत होता. दुसरा सांगत होता, खाली होड्यांत ते कोयते घेऊन उभे आहेत. मग नुसतीच खरखर राहिली. मामांनी आवाज बारीक केला आणि ताटली विसळायला घेतली.

शर्वरीने बटणावरून बोट काढलं तेव्हा मंगेश धक्क्याला लागला होता.

आठवड्याभराने उपग्रहाच्या चित्रात ती जागा हिरवीगार झाली. मामींनी तळलेले बांगडे डब्यात घालून केंद्रात पाठवले. शर्वरीने दोन दिवस डबा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी नवा डबा आला, तो तिने उघडला. बांगडा ताजा होता.

जेवताना तिने गुराख्याचा हिशेब पाहिला. हिरवा पट्टा अपेक्षेपेक्षा लहान भरला होता. बोटी जुन्या आणि थोड्या होत्या, लोखंड कमी पडलं होतं. गुराख्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मार्क कमी पडले एवढं त्याला कळलं होतं आणि त्याने आपली चूक सुधारली होती. जास्तीत जास्त बोटी एका जागी कुठे असतात, हे त्याला पडद्यावर रोज दिसतच होतं.

नवं कुरण दोन्ही बंदरांना एकाच वेळी कळवलं गेलं होतं. मोरखाडीच्या बोटी निघाल्याही होत्या.

जागा कातळबंदराच्या धक्क्याची होती. खिडकीतून मंगेश दिसत होता, नांगरलेल्या बोटीवर पाय सोडून जाळं शिवत बसलेला.