मल्हारीच्या खुर्चीजवळचा कप्पा

कुसाबाईने शेडचे दार उघडले तेव्हा पहिल्या कप्प्यातली एकही कोंबडी उठली नाही.

एरवी दार करकरले की पांढरा कल्लोळ उठायचा. त्या सकाळी सगळ्यांनी फक्त माना वळवल्या. छाती तुसावर टेकून, पाय पसरून त्या बसल्या होत्या आणि तिच्याकडे बघत होत्या. आवाज म्हणून नव्हता. खाद्याची पाटी तिथेच टाकून कुसाबाई घराकडे पळाली.

ही १९७८च्या जानेवारीतली गोष्ट. नाशिकच्या गंगापूर रोडवर, वस्ती संपून मळे सुरू होत तिथे, मल्हारी खांडबहाले याची पोल्ट्री होती. मल्हारी भाद्रपदात गेला. शेडच्या मागच्या दाराशी खुर्ची टाकून जेवत होता. घास हातातच राहिला. तेव्हापासून पोल्ट्री त्याची बायको लताबाई चालवत होती.

शेजारच्या मळ्यातल्या फोनवरून निरोप गेला. पशुवैद्यकीय अधिकारी डॉ. गांगुर्डे दुपारी आपल्या राजदूत मोटारसायकलवरून पोहोचले. नाशिक रोडला राहणारा हा माणूस विचारायचा जास्त, सांगायचा कमी.

शेडमध्ये लख्ख उजेड होता. दक्षिणेच्या जाळ्यांवर काचेची तावदाने बसवली होती. त्या उजेडात शेकडो पक्षी निपचित बसले होते. गांगुर्ड्यांनी एक कोंबडी उचलली. चोच चिमटीत धरली. ती रबरासारखी वाकली.

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून लंगडायला लागल्या," लताबाई म्हणाली. "त्यांनी श्रावणात आणलेली पिल्लं आहेत ही. शेवटची."

"सगळ्याच बसल्या?"

कुसाबाईने पलीकडे बोट दाखवले.

तारेच्या जाळीने शेडचे तीन कप्पे केले होते. शेवटच्या कप्प्यातल्या कोंबड्या उभ्या होत्या. मागचे फळीचे दार सताड उघडे होते, आतले जाळीचे दार लावलेले. जाळीबाहेर, दोन्ही दारांमधल्या पडवीत एक लोखंडी खुर्ची. खुर्चीवर झाकलेली भाकरी आणि पाण्याचा तांब्या. कप्प्यातले सगळे पक्षी खुर्चीच्या बाजूला गोळा झाले होते. काही एका कुशीवर कलंडून, एक पंख पसरून पडले होते, जणू कोणाच्या पायाशी.

"रोज दुपारी असंच," कुसाबाई कुजबुजली. "मालकांच्या जेवणाच्या टायमाला. अख्खी वाडी म्हनती, मालकांचा जीव शेडात हाय. जवळच्या सांभाळल्या, बाकीच्यांचे पाय काढून घेतले."

"हे दार उघडं कोणी ठेवलं?"

"बाई लावूच देत नाय. मालक गेल्यापास्नं."

"आणि थंडी?"

"म्हनून तर दसऱ्यालाच बाईंच्या दिरांनी, रंगनाथसाहेबांनी काचा बसवल्या बाकीच्या जाळ्यांना. त्यांनी लय सांगितलं दार लावा. बाई ऐकत नाय."

लताबाई पदराचे टोक पिळत उभी होती. "डॉक्टरसाहेब, रविवारी भाऊबंद बसणार आहेत. मी निफाडला माहेरी जायचं आणि रंगनाथभावजींनी हे सगळं सांभाळायचं, असं ठरतंय. रोग असेल तर रोग सांगा. नसेल तर... आमचे हेच मला इथून घालवताहेत का, एवढं कळू द्या. त्यांनाच मी नको असेन तर मी भांडणार नाही."

"मेलेल्या माणसाचं मला तपासता येत नाही," गांगुर्डे म्हणाले. "कोंबडीचं येतं."

लिंबाच्या झाडाखाली त्यांनी रात्रीत मेलेली एक कोंबडी फाडली. मांडीच्या नसा सुजलेल्या नव्हत्या, म्हणजे लकव्याचा रोग नव्हता. आतडी स्वच्छ. छातीचे हाड मात्र नागमोडी झाले होते आणि बरगड्यांच्या सांध्यांवर मण्यांसारख्या गाठी होत्या. त्यांनी पायाचे हाड दोन्ही हातांनी वाकवले. ते वाकले. आणखी वाकवले. मोडल्याचा आवाज झालाच नाही.

कुसाबाई चार पावले मागे सरली.

तेवढ्यात रंगनाथ आला. मल्हारीचा धाकटा भाऊ. पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ, बोलणे मऊ.

"सापडलं का काही, साहेब?"

"हाडं मऊ आहेत. खाद्य कोण आणतं?"

"मीच. दादाबरोबर पोल्ट्रीचं सरकारी ट्रेनिंग केलंय मी. मका, शेंगपेंड, शिंपल्यांची पूड. कशाची कमी नाही."

"जीवनसत्त्व?"

"दादा माशाच्या लिव्हरचं तेल मिसळायचा. मी माळकरी. मला त्या बाटलीला हात लावणं होत नाही. नाशकातल्या द्वारका चौकातल्या दुकानातून डबा आणतो. शाकाहारी औषध आहे."

"डबा भेसळीचा असला तर?"

रंगनाथ हसला. "त्यातलंच वासराला देतो. ते बघा."

गोठ्यापुढे वासरू दोर ताणून उड्या मारत होते. पाय खणखणीत.

"म्हणजे डब्यात खोट नाही," गांगुर्डे म्हणाले.

"नाहीच. म्हणून तर वहिनींना सांगतोय, काही गोष्टी औषधाच्या नसतात. दादाचा जीव कशात अडकलाय ते ओळखावं आणि त्याला मोकळं करावं."

लताबाईने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बघायला म्हणून गांगुर्डे रंगनाथच्या घरी गेले. घर मळ्याच्या दुसऱ्या टोकाला. रंगनाथची बायको सखुबाई पुढे आली.

"बसा. ते मागं हायेत. येतील."

जिन्याखालच्या अंधाऱ्या खुराड्यातून कलकलाट येत होता. गांगुर्डे वाकले. पांढऱ्या कोंबड्या, त्याच जातीच्या, तारेवर ताठ उभ्या.

"ह्या कुठल्या?"

"त्याच पिल्लांतल्या. यांनी थोडी घरी ठेवली. आम्ही खात नाही हो, अंडी विकते मी कॉलनीत."

"बाहेर सोडता?"

"मुंगसं लय. कधीच नाय सोडत."

गांगुर्ड्यांनी एक अंडे विकत घेतले. घरात कसला तरी वास होता. धुपाखाली दडलेला, ओलसर, खारट. तेवढ्यात रंगनाथ मागच्या दाराने हात पुसत आला. डॉक्टरांना पाहून थबकला. मग खुंटीवरची माळ काढून त्याने गळ्यात घातली.

"आंघोळ उरकत होतो," तो म्हणाला.

त्याचे केस कोरडे होते. गांगुर्ड्यांनी डबा पाहिला आणि निघाले.

रविवारी शेडच्या मागच्या दारापुढच्या अंगणात, मल्हारीच्या खुर्चीसमोर भाऊबंद जमले. मधे भावकीतले वडीलधारे सहादूतात्या. बायका ओसरीला. लताबाईची ट्रंक घराच्या दाराशी बांधून ठेवली होती.

"डॉक्टर, तुमचं काय ते बोला," तात्या म्हणाले. "आमचं तर ठरल्यासारखं आहे."

गांगुर्ड्यांनी खिशातून दोन अंडी काढली. पहिल्यावर अंगठा टेकवला. कवच खड्ड्यासारखे आत गेले. "हे या शेडच्या पहिल्या कप्प्यातलं." दुसरे त्यांनी खुर्चीच्या लोखंडी हातावर आपटले. दोनदा आपटावे लागले. "हे रंगनाथरावांच्या जिन्याखालचं. एकाच वेळची पिल्लं."

गांगुर्ड्यांनी बोटे रुमालाला पुसली.

"हाड घट्ट व्हायला चुना लागतो. चुना हाडात जिरायला ड जीवनसत्त्व लागतं. ते दोन वाटांनी मिळतं. एक, अंगावर पडणारं ऊन. दुसरी, खाद्य. या शेडमध्ये दोन्ही वाटा बंद झाल्या."

"ऊन तर आहे की," एकजण म्हणाला. "आत लख्ख असतं."

"उजेड आहे. उन्हाचा जो भाग हे जीवनसत्त्व तयार करतो, तो काचेतून येत नाही. काचा बसवल्या आणि पहिली वाट बंद झाली. फक्त एका कप्प्यात ऊन थेट पडत राहिलं, कारण तिथलं दार लताबाईंनी लावलं नाही. कोंबड्या खुर्चीपाशी जमायच्या त्या मल्हारीसाठी नाही. दुपारचं ऊन तिथं असतं. पंख पसरून पडणं म्हणजे ऊन खाणं."

"अन् औषध?" तात्यांनी विचारले. "वासराला तर गुण आला."

"येणारच. औषध खरं आहे, म्हणून तर कोणाला शंका आली नाही. पण ते वनस्पतीकडून आलेलं ड जीवनसत्त्व. ते वासराला चालतं, तुम्हाआम्हाला चालतं. कोंबडीच्या अंगी मात्र जवळजवळ लागत नाही. तिला माशाच्या तेलातलंच लागतं."

रंगनाथने हात जोडले. "साहेब, मला काय ठाऊक? माळेपायी चूक झाली. भावाच्या कोंबड्या मी मुद्दाम मारीन?"

"चूक असू शकते," गांगुर्डे शांतपणे म्हणाले. "म्हणूनच एक विचारतो. तुमच्या खुराड्यातल्यांना ऊन मिळतच नाही. त्यांना काय घालता?"

"तेच. डब्यातलं."

"मग त्या उभ्या कशा?"

रंगनाथने गळ्यातली माळ चाचपली. गांगुर्डे ओसरीकडे वळले. "सखुबाई, तुमच्या घरात वास कसला येतो?"

सखुबाईने नवऱ्याकडे पाहिले. मग बांधलेल्या ट्रंकेकडे.

"तेलाचा. माशाच्या," ती म्हणाली. "माळ खुंटीला टांगत्यात, मग बाटलीला हात घालत्यात. मला म्हणाले, औषधाला विटाळ नसतो. पण भावजींच्या शेडात हे घालायचं नाय, तिकडं बोलायचं नाय."

"काय बरळतेस!" रंगनाथ ओरडला. त्याचा मऊ आवाज पहिल्यांदाच फाटला.

"तुम्हाला ट्रेनिंग होतं," गांगुर्डे म्हणाले. "काच काय करते आणि कोणतं औषध कशाला लागतं, दोन्ही तुम्हाला माहीत होतं. म्हणून स्वतःच्या कोंबड्या तेलावर ठेवल्या. एक दार उघडं राहिल्यामुळं बेत पुरा होईना. मग त्याच दाराला तुम्ही भूत केलंत. लताबाई भिऊन गेल्या की रस्त्याकडची ही जमीन आपोआप तुमच्याकडं. सख्ख्या भावाला पिशाच ठरवलंत तुम्ही."

सहादूतात्या काठी टेकत उठले. रंगनाथपुढे जाऊन त्यांनी हात पसरला.

"माळ दे इकडं."

"तात्या..."

"दे. खुंटीला टांगायची वस्तू नाही ती."

रंगनाथने माळ काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्याच्यासाठी कोणी वाट केली नाही. तो कडेकडेने गेला.

तात्या लताबाईकडे वळले. "सूनबाई, ट्रंक आत घे. शेड तुझी, जमीन तुझी. भावकीपुढं मी सांगतो."

अंगण रिकामे झाले. लताबाई खुर्चीजवळ उभी होती.

"म्हणजे ते नव्हतेच इथे?"

गांगुर्ड्यांनी उघड्या दाराकडे पाहिले. "हे दार तुम्ही उघडं का ठेवत होता?" त्यांनी विचारले.

"जेवताना पाठीवर ऊन घ्यायची सवय होती त्यांना. दार लावलं असतं तर ते अंधारात बसले असते."

"त्याच उन्हानं एवढ्या वाचल्या. आजपासून तेल सुरू करा. काचा आजच काढा. ज्यांची हाडं वाकलीत त्यातल्या काही सरळ व्हायच्या नाहीत."

संध्याकाळपर्यंत कुसाबाईने शेवटचे तावदान उतरवले. दुसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेच्या जाळ्यांतून ऊन थेट तुसावर पडले. पहिल्या कप्प्यातल्या कोंबड्या बराच वेळ त्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग एकीने छातीवर सरपटत अंतर तोडले, उन्हात पोहोचली आणि एक पंख पसरला.

लताबाईने भाकरी आणली. मग खुर्ची उचलून तिने पहिल्या कप्प्यापाशी नेली आणि उन्हाकडे पाठ येईल अशी ठेवली.

मागचे दार तिने तरीही लावले नाही.