तिसरा खांब

या हिंदी मुलखातल्या मराठी शाळेचा मॅरेज हॉल होतोय. होऊ दे मेला! विकली कुणी? आपल्याच मंडळींनी, ज्यांची नातवंडं घरात 'आजी, पानी दो ना' म्हणतात. हाच राग चघळत जनार्दन दसऱ्याच्या सकाळी शहराच्या टोकाच्या नगऱ्याहून आला. सत्तरीचा, रेल्वेतून रिटायर झालेला. खिशात तीन हात सुतळी.

"अंकल जी, आपके लिए छुट्टी के दिन खोला है," ठेकेदार विक्रमनं कुलूप काढलं. "कल खंभों पर मार्बल चढ़ेगा। जो देखना है, देख लो।"

"मार्बल! कबर बांधतोस की काय?"

विक्रमला मराठी कळलं नाही. बरंच झालं.

व्हरांडा तसाच होता. नऊ कमानी, थंड फरशी, ओल्या पाट्यांचा वास. हो, अजून! दर दसऱ्याला इथं पाटीपूजन झालं की अनंतराव मास्तर पोरांना खांबाला उभं करायचे. "टाच टेकव, नाक समोर!" डोक्यावर पट्टी, आणि खांबावर गेरूची रेघ. तिसऱ्या खांबाची डावी कड जनार्दनची, उजवी त्याच्या जुळ्या बहिणीची.

कमल चौथीत गेल्या गेल्या तापानं वारली. तिचा फोटो एकही नाही. तिची उंची तेवढी या खांबावर राहिली होती, चुन्याखाली. सुतळीवर मोजून ती घरी न्यायची होती. आजच.

त्यानं किल्लीनं चुना खरवडला. वर्षानुवर्षांचे थर, टणक झालेले. डावीकडे त्याच्या सात रेघा निघाल्या. सातवीनंतर शाळा सुटली होती.

उजवीकडे तीन. चौथीचा दसरा कमलनं पाहिलाच नव्हता.

चौथी रेघ निघाली.

तो खरवडत राहिला. पाचवी. सहावी. सातवी. आठवी. सुतळी कधीच अपुरी पडली. वर वर रेघा इतक्या जवळ आल्या की त्यांचा एकच जाड पट्टा झाला, वाढ पुरी झालेल्या माणसाचा व्हावा तसा.

"ये किसने किया?" विक्रम पुटपुटला. "हमने तो हाथ नहीं लगाया।"

पट्ट्याच्या दोन बोटं खाली एक रेघ एकटीच होती. जनार्दननं बोट लावलं.

गेरू ओला होता.

तो वळला. खांबाला टाचा टेकवल्या, नाक समोर केलं. दोन वर्षांपासून वाकलेली पाठ काही सरळ होईना.

"देखो, कितना है।"

विक्रमनं त्याच्या डोक्यावर तळहात आडवा ठेवला, खांबाला भिडवला. बोटांची कड ओल्या गेरूनं लाल झाली.

"बराबर है, अंकल जी।"