चौथ्या खाटेवरची फळी

दर मंगळवारी दुपारी, भेटीची वेळ सुरू व्हायच्या आधी, घडीची शिडी घेऊन आत जायचं आणि सहा खाटांवरच्या सहा फळ्यांवरची कार्डं बदलायची, एवढंच काम. ऐकायला सोपं. पण ते डोळे मिटून करावं लागे.

हृदयरोग विभागातल्या प्रत्येक खाटेच्या वर, छताच्या हातभर खाली, एक अरुंद फळी ठोकलेली होती. फळीवर एक चित्र, तोंड छताकडे. खालून पाहणाऱ्याला नुसतं लाकूड दिसे. हृदय बंद पडलेला माणूस खरंच देह सोडून वर जातो, की तो विझत चाललेल्या मेंदूचा खेळ असतो, हे प्रकल्प चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमना शोधून काढायचं होतं. वर गेलेला परत आलाच, तर चित्र कशाचं होतं ते त्याने सांगावं. म्हणून ते चित्र जिवंतांपैकी कुणालाही ठाऊक असता कामा नये. यंत्र चित्र निवडून बंद पाकिटात घाली. ती शिडीवर चढून डोळे मिटे, पाकीट फोडे आणि अंगठ्याने चाचपून कार्डाची गुळगुळीत, चित्राची बाजू वर ठेवे. तीन वर्षांत सतरा माणसं परत आली होती. चित्राबद्दल एकानेही अवाक्षर काढलं नव्हतं.

सिस्टर तिला शिडीबाई म्हणत. वर कुणी भेटलं तर आमच्या रजेचं तेवढं बघा म्हणावं, असं थोरल्या सिस्टर दर मंगळवारी सांगत आणि ती दर मंगळवारी हसे. हसली की भीती जरा कमी वाटे. मुळात स्वभाव भित्रा. कुणी मागून हाक मारली तरी दचकायची. त्या मंगळवारीही ती चौथ्या खाटेच्या वर असताना कुणाची तरी वायर सुटली आणि मॉनिटर बोंबलायला लागला. ती अशी दचकली की कार्ड हातातून निसटलंच होतं. कसंबसं सावरलं, फळीवर सरकवलं आणि भराभर खाली उतरली.

चौथ्या खाटेपाशी तिला तसंही फार वेळ थांबवत नसे. आठ महिन्यांपूर्वी तिथे तिचे बाबा होते.

बाबांनी सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला. पान बरोबर असलं की ते त्याचा वरचा कोपरा पुढे दुमडत. चूक राहिली असली की मागे. मागे दुमडलेला कोपरा म्हणजे थांबा, हे अजून छापू नका. चूक दुरुस्त झाली की तोच कोपरा अंगठ्याने हळूच सरळ करत. निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही. वीजबिलापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत घरातल्या एकाही कागदाला धड चार कोपरे नव्हते.

चौथ्या खाटेवर त्यांचं हृदय सहा मिनिटं बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी तिचं मनगट धरलं.

"अगं, ती तुझी फळी..."

तिने त्यांच्या ओठांवर हात ठेवला. परत आलेल्यांना प्रश्न एरवी तीच विचारी, पण नातलगाने विचारायचे नाहीत, नोंद बाद होते, हा पहिला नियम. प्रश्न विचारणारे दुसरे गृहस्थ रजेवरून सोमवारी येणार होते.

"सोमवारपर्यंत कुणालाच काही सांगू नका हं, बाबा."

बाबांनी नियम पाळला. रविवारी सकाळी ते गेले.

आईने तिला कधी बोल लावला नाही. फक्त ताटं वाढताना एखाद्या दिवशी मध्येच थांबून ती विचारी, काय सांगणार होते गं ते? मग दोघीही ताटं तशीच झाकून ठेवत.

कार्ड हातातून निसटलं त्याच आठवड्यात, शुक्रवारी, चौथ्या खाटेवरचा म्हातारा रंगारी परत आला. चार मिनिटं गेला होता. सोमवारी दुपारी ती प्रश्नावली घेऊन त्याच्याशेजारी बसली. पडदा ओढलेला, स्पिरिटचा वास, पलीकडच्या मॉनिटरची संथ टिकटिक. काय आठवतंय, हा पहिला प्रश्न.

छत, तो म्हणाला. जन्मभर छतं रंगवली, दुसरं काय बघणार? एकच हात मारलाय कामचुकारांनी, पंख्याच्या मागे तर ब्रश पोचलेलाच नाही. ती लिहिता लिहिता हसली आणि ठरलेला पुढचा प्रश्न विचारला. चित्र काही दिसलं का?

"चित्र नाही. पालथं होतं ते."

तिचं पेन थांबलं.

"खरखरीत बाजू वर होती. ते म्हणाले, पोरगी दचकते, म्हणून असं होतं..."

"कोण म्हणाले?"

"फळीवर बसले होते ते." त्याने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. नजर छतावरून हलेना. "वर फार दाटी आहे, पोरी. टेकायला जागा म्हणजे या फळ्याच तेवढ्या... सारखं एकच विचारत होते ते. सोमवार कधी आहे?"

रंगाऱ्याला तपासणीसाठी खाली नेलं, तेव्हा तिने शिडी लावली. या खेपेला डोळे उघडे ठेवून चढली. फळीवर कार्ड पालथं पडलं होतं. आणि त्या जाडजूड कार्डाचा वरचा कोपरा, पट्टी लावून मोडावा तसा, मागे दुमडलेला होता.

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कार्ड पालथं ठेवलं गेलं ही आपली चूक, तेव्हा ही नोंद धरता येणार नाही. कोपरा दचकताना तुझ्याच हातून वाकला असेल. सोमवारचं म्हणशील तर सगळ्या सिस्टरांना ती गोष्ट ठाऊक आहे, त्याच्या कानावर गेलीच असणार. तिला ते पटलं. निदान पटवून घेणं सोयीचं होतं. तसाही प्रकल्पाचा कारभार आटोपला होता. उद्या सुतार येऊन फळ्या काढणार होता.

संध्याकाळ व्हायच्या आत ती पुन्हा वर चढली. हातात सहा पानांची कोरी प्रश्नावली. खिडकीतून ऊन येत होतं, खाली सिस्टर चहाच्या कपांवरून कुजबुजत होत्या, सगळं कसं रोजच्यासारखं होतं. तरी फळीजवळ तोंड नेल्यावर तिला छापखान्याच्या शाईचा वास आला. ओला, ताजा. तिने डोळे मिटले.

"बाबा," ती पुटपुटली, "आज सोमवार आहे."

काहीच झालं नाही. फक्त मानेवर, वरून, कुणीतरी वाकून पाहावं तशी थोडी ऊब जाणवली. प्रश्नावली फळीवर ठेवून ती पायऱ्या चाचपत उतरली.

सकाळी सुताराने फळ्या उतरवल्या आणि प्रश्नावली तिच्या हातात दिली. एका अक्षराचंही उत्तर नव्हतं. पण प्रत्येक पानाचा कोपरा दुमडलेला होता. पहिला चुरगळून टाकलेला. दुसरा नखाएवढा, लहान मुलाने दुमडावा तसा. तिसरा दमट. चौथा आणि पाचवा दोन वेगळ्याच हातांचे, घाईघाईतले. पाचही पुढे दुमडलेले. सहाव्या पानावर शेवटचा प्रश्न होता: तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का? तो कोपरा तिने झोपेतही ओळखला असता. पट्टी लावल्यासारखा सरळ, आणि मागे.

सुतार सहाही फळ्या काखोटीला मारून निघाला. तिने छताकडे पाहिलं. तिथे आता टेकायला काही नव्हतं. मग ते सगळे... हा विचार तिने पुरा केला नाही. त्या दिवशी ती लवकर घरी गेली.

आईला कोपरे दाखवायचे म्हणून तिने दारातच प्रश्नावली पिशवीतून काढली. आई लेकीच्या खोलीत, कपाटापाशी स्टुलावर उभी होती, हातात फडकं.

"तू या कपाटावर चढली होतीस का गं?"

"नाही. का?"

"सहा ठिकाणी धूळ पुसलीय. ओळीने. बाकी सगळी जशीच्या तशी." आईने फडकं खांद्यावर टाकलं. "कुणी दाटीवाटीने बसावं, तशी."

तिला वर पाहायचं होतं. पण इतक्या वर्षांची सवय, डोळे आपोआप मिटले गेले. आणि मग तिला जाणवलं. हातातल्या शेवटच्या पानाचा मागे दुमडलेला कोपरा कुणीतरी अंगठ्याने हळूच सरळ करत होतं.