थोरल्याची मूठ

"धोका हा शब्द मी या योजनेतून हद्दपार केलेला आहे," असं योजना अधिकारी काकासाहेबांनी व्यासपीठावरून जाहीर केलं आणि ते खुर्चीत बसले. खुर्चीचे मागचे पाय फळी फोडून खाली गेले. पाठोपाठ काकासाहेबही दिसेनासे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे.

१९५७ सालचा जून. टेंभुर्णीच्या गोदामापुढे, उतारावरच्या भिल्लवस्तीला सुधारित ज्वारीचं बियाणं वाटलं जात होतं. कीड लागू नये म्हणून विषारी औषध चोळलेलं, आणि कुणी खाऊ नये म्हणून लालभडक रंगवलेलं. शिवाय भिंतीवर पाटी: 'खाल्ल्यास मृत्यू'. वस्तीत वाचता कुणालाच येत नव्हतं. पण पाटी नियमाप्रमाणे होती.

वस्तीचा थोरला, म्हणजे प्रमुख, कडूबा पिशवीत डोकावला आणि त्यानं सगळ्यांदेखत ती परत ठेवून दिली. "जे खाता येत न्हाई, ते पेरत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा मेला.

जालन्याचे खासगी गुप्तहेर भालचंद्रराव गावातच होते. त्यांचे मित्र केशवराव साप्ताहिकासाठी समारंभाची बातमी घ्यायला आले होते, आणि जेवण चांगलं होतं म्हणून दोघे मुक्कामाला राहिले होते. कडूबाची बायको साळूबाई दारात येऊन बसली.

"म्हणत्यात, भुकेनं चोरून सरकारी बी खाल्लं. वस्तीला अक्कल न्हाई, तवा आज दिवस मावळायच्या आत नदीपल्याड हलवायची. आमच्या जिवासाठीच म्हणं."

"आणि तू काय म्हणतेस, बाई?"

ती घुटमळली. "बाहेर सांगत न्हाईत, साहेब. पेरणीआधी थोरला मूठभर बी शिजवून एकटा खातो. रात निभली, तर मंग वस्ती पेरती. काल सांजच्याला दारात पिशवी सापडली. पांढरी ज्वारी. ह्यांना वाटलं, सरकारानं ऐकलं."

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"न्हाई. भांडंबी धुऊन टाकलं. चुलीपाशी परका बसवत न्हाईत आमच्यात."

भालचंद्ररावांनी पिशवीतले उरलेले दाणे गावच्या कोंबडीपुढे टाकले. कोंबडीची चौकशी पुढे करावी लागली नाही.

काकासाहेब अहवाल लिहीत होते. "कच्चं बी बकाबका खाल्लं. पाटी होती. योजनेचा दोष नाही."

भांडारपाल श्रीपती रडवेला झाला होता. "किल्ली माझ्यापाशी, साहेब, कबूल. पण गोदामात एक दाणा बिनरंगाचा न्हाई, बघून घ्या. एकट्या रामरावांनी तेवढं एक पोतं औषध चोळल्यावर, पण रंगवायच्या आधी उचललं. म्हणले, मला शिकवू नका."

सल्लागार समितीचे अध्यक्ष रामराव ओट्यावर सुपारी कातरत होते. उताराला लागून त्यांचीच जमीन. योजनेचं तळं त्याच उताराखाली व्हायचं होतं.

"लई वाईट झालं, भालचंद्रराव. कडूबा आन मी संगं ढोरं चारली. त्याच्या बापाच्या चुलीपुढं जेवलोय मी लहानपणी. काय म्हणावं ह्या लोकांला? शिजत घातलं तवा तरी वास यावा की न्हाई?"

"बरोबर आहे," भालचंद्रराव म्हणाले आणि त्यांनी सुपारीचं खांड घेतलं.

"श्रीपतीच," बाहेर आल्यावर केशवराव म्हणाले. "किल्ली त्याच्याकडे."

"केशवराव, तुम्ही बातम्याच लिहा."

दुपारी सगळे गोदामापुढे जमले. पोलीस जमादारही आला.

"कडूबानं लाल बी नाकारलं ते सर्वांनी पाहिलं," भालचंद्रराव म्हणाले. "तो मेला पांढऱ्यानं. गोदामातलं प्रत्येक पोतं लाल. पांढरं एकाच्याच घरी."

"ज्वारी घरोघर असती की," रामराव सुपारी कातरत म्हणाले.

"असते. पण काकासाहेब म्हणतात, कच्चं खाल्लं. गावही तेच म्हणतं. शिजवलं हे फक्त साळूबाईला माहीत होतं, आणि तिनं ते मला एकट्याला सांगितलं. तुम्ही मात्र मला शिजल्याचा वास विचारलात."

अडकित्ता थांबला.

"वस्ती चुलीपाशी परका बसवत नाही. कडूबाच्या बापानं एकदा बसवला. दारात पांढरं बी ठेवलं की थोरला स्वतः शिजवून खाणार, हे त्या पोराला ठाऊक होतं. काकासाहेबांच्या पाटीनं खून झाकायचा, वस्ती नदीपार, तळ्यावरचा उतार रामरावांना मोकळा."

रामरावांनी साळूबाईकडे पाहिलं नाही. "न्हाई तरी म्हातारा किती दिवस जगणार व्हता?" ते म्हणाले. जमादारानं त्यांच्या हातातला अडकित्ता काढून घेतला.

काकासाहेबांनी अहवाल फाडला आणि नवा लिहिला: वस्ती हलवण्याचं कारण नाही. साळूबाईनं अंगठा उठवला आणि पदर पसरला.

"बिनरंगाचं, चांगलं मूठभर बी द्या, साहेब. पेरणी खोळंबली. आता थोरली मीच."

श्रीपती कुणाच्या तरी घरून दाणे आणायला गेला.

काकासाहेबांनी घसा खाकरला आणि केशवरावांना जरा बाजूला घेतलं.

"छापाल तेव्हा," ते हळूच म्हणाले, "खुर्चीचं तेवढं वगळता आलं तर बघा."