रांजणाखालची पाच कासवं

एकशे चौदा अंडी आणि पिल्लू एकही नाही! हे कोडं काही केल्या सुटेना, म्हणून आमच्या प्राणिसंग्रहालयातले सगळे डोकं धरून बसले होते. मीही बसले होते. पण मी अकरा वर्षांची, त्यामुळे माझं डोकं धरून बसणं कोणी मोजत नव्हतं.

मी चैताली नन्नावरे. माझे आबाजी, म्हणजे आजोबा श्रावण नन्नावरे, इथे हरणांसाठी चारा कापतात. आमचं घर प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या वसाहतीतच असल्यामुळे सुट्टीत माझा मुक्काम पोस्ट आतच. मोरापासून अस्वलापर्यंत सगळे मला ओळखतात असं मी म्हणते. अस्वलाचं मत मी विचारलेलं नाही.

आमच्याकडे सोनकपाळी कासवं आहेत. कपाळावर हळदीच्या बोटाएवढा पिवळा ठिपका असतो, म्हणून हे नाव. नदीत आता एकही उरलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी वाळू उपसणारी यंत्रं काठावर पोचली, तेव्हा तिथल्या सहा घरट्यांतून अडतीस अंडी उचलून इथे आणली होती. त्यातून निघालेली कासवं म्हणजे जगातली सगळी सोनकपाळी. यंदा ती मोठी झाली आणि त्यांनी पहिल्यांदा अंडी घातली. लगेच फाटकावर पाटी लागली, 'सोनकपाळीकडे लवकरच गोड बातमी!' शेजारी दुसरी पाटी, 'शुक्रवारी येत आहेत आपले नवे पाहुणे: झेब्र्यांची जोडी!' गावाला झेब्र्यांचंच वेड लागलं होतं.

गोड बातमी मात्र येईना.

"कासवाचं अंडं जिवंत असेल ना, तर चार-पाच दिवसांत त्याच्या माथ्यावर खडूसारखा पांढरा डाग येतो," खोब्रागडे मॅडमनी मला एक अंडं दिव्यासमोर धरून दाखवलं. त्या इथल्या मुख्य शास्त्रज्ञ. "आतला भ्रूण (अंड्यात वाढणारं इवलंसं पिल्लू) कवचाला चिकटून वाढायला लागला, की वरचं कवच तिथे पांढरं पडतं. बघ, दिसतो का डाग?"

मी सगळीकडून बघितलं. अंडं आपलं कोऱ्या कागदासारखं.

"नोंद्या, किती अंड्यांवर डाग आहे?" मॅडमनी विचारलं.

नोंद्या आमचा यंत्रमानव. त्याचं काम नोंदी ठेवणं आणि विचारलं की सांगणं. उंची माझ्याएवढी, आवाज शाळेतल्या भोंग्यासारखा. "शून्य," तो म्हणाला. "सर्व एकशे चौदा अंडी अफलित."

"अफलित म्हणजे आईनं अंडं घातलं, पण त्यात बापाचा वाटाच नाही," मॅडमनी सांगितलं. "कोंबडीसुद्धा कोंबड्याशिवाय अंडी घालते की. त्यातून पिल्लू निघत नाही, एवढंच."

"पण मॅडम, तलावात सव्वीस कासवं आहेत. त्यात नर असतीलच ना?"

"असणारच. निम्मे तरी." मॅडम बोलता बोलता थांबल्या. "नोंद्या, सव्वीसमध्ये नर किती?"

"नोंद नाही."

"माद्या किती?"

"नोंद नाही. लिंगाच्या रकान्यात सर्वांसमोर लिहिलं आहे, 'मोठी झाल्यावर बघू'."

मॅडमचा चेहरा उतरला. कासवाच्या पिल्लाकडे वरून बघून नर की मादी ते कळत नाही. ते कळायला वर्षं जावी लागतात, आणि 'मोठी झाल्यावर बघू' म्हणणारे साहेब बदली होऊन गेले होते. मॅडम इथे आल्या त्याला चारच वर्षं झालेली. निम्मे नर असतीलच, असं सगळ्यांनी धरलं होतं आणि बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

मग तपासणी झाली. कासवाला थोडं गुंगीचं औषध द्यायचं आणि टोकाला कॅमेरा असलेली बारीक नळी पोटात घालून आतले अवयव बघायचे. दोन दिवस चाललं. निकाल ऐकून गोंधळ कमी व्हायचा तर दुप्पट झाला. सव्वीसच्या सव्वीस माद्या!

"असं कसं होईल?" मी म्हणाले. "नाणं उडवल्यासारखंच ना? कधी छापा, कधी काटा."

"सव्वीस वेळा नाणं उडवून सव्वीसही वेळा छापा पडण्याची शक्यता," नोंद्यानं न विचारताच सांगितलं, "साधारण पावणेसात कोटींत एकदा."

म्हणजे हे नाण्याचं काम नव्हतं. कोणीतरी, काहीतरी छापा पाडत होतं. पण कोण? मॅडमनी नऊ वर्षांच्या नोंदी पुन्हा चाळल्या. सगळ्यांचं खाणं सारखं, पाणी सारखं, उबवणी पेटी (अंडी ठरावीक उबेत ठेवायचं कपाट) सारखी. "सगळंच सारखं असेल तर कारण शोधू कुठे?" त्या वैतागून म्हणाल्या. "काहीतरी वेगळं सापडलं तर तुलना तरी करता येईल. आणि नरच नाहीत म्हणजे ही जात आपल्याच डोळ्यांसमोर संपणार गं." त्यांचा आवाज बारीक झाला. मला रडूच यायला लागलं, म्हणून मी आबाजींकडे पळाले.

आबाजी गोठ्यात नव्हते. ते सापडले मागच्या टाक्याशी. तिथे पाच ठेंगू राहतात. तीही सोनकपाळीच, पण निम्म्या अंगाची. कपाळावर तोच पिवळा ठिपका, पण पाटीवर लिहिलेलं 'सदोष'. म्हणून त्यांना तलावात सोडलेलं नव्हतं, तपासलंही नव्हतं. ती शुक्रवारी दूरच्या एका मोठ्या प्राणिसंग्रहालयाच्या मत्स्यालयात जाणार होती. तिथे काचेमागे लोकांनी बघायची. त्यांच्या बदल्यातच झेब्रे मिळत होते. एकाच ट्रकमधून झेब्रे उतरणार आणि ठेंगू चढणार.

आबाजी पालकाची पानं तोडून त्यांना भरवत होते.

"आबाजी, तुम्ही रडून राहिले?"

"छ्या! डोयात कुटार गेलं." कुटार म्हणजे चाऱ्याचा भुसा. तिथे कुटाराची काडीही नव्हती. "आता थे उद्या जातीन. माह्यापायी या पाचायचं असं झालं, पोरी."

"तुमच्यामुळे? तुम्ही तर चारा कापता."

"पहिले नाई कापत होतो. पहिले मी अंड्यायच्या खोलीत होतो."

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! आबाजी टाक्याच्या कठड्यावर बसले आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

अंडी आणली त्या वर्षीचा मे महिना. बाहेर शेहेचाळीस अंश. दहाव्या दिवशी उबवणी पेटी बिघडली आणि आत तापायला लागली. साहेब नागपूरला मीटिंगला. दुसरी पेटी होती, पण लहान. तिच्यात एकतीस अंडी मावली आणि सात उरली.

"सात जिवायले उन्हात मरू देऊ का? आपल्याकडे भाजीपाला कुठं ठेवतो? रांजणाखाली. पाणी पाझरते, वाळू गार राहते. मंग म्या थे सात अंडे रांजणाखालच्या वाळूत पुरले. उलटे-पालटे होऊ नाई देल्ले."

"मग पेटी दुरुस्त झाल्यावर?"

"हलवले नाई. कासवाचं अंडं मंधातच फिरवलं तं पिल्लू मरते आतमधी. सात्तून पाच निंगाले. पण बाकीच्यायपेक्षा एकोणीस दिवस उशिरा, अन् वाढलेच नाई. साहेबानं लिवलं, 'नियम मोडला, पिल्लं सदोष.' अन् मले चाऱ्यावर पाठवलं." आबाजींनी हात झटकले. "खरंच लिवलं त्यानं. नियम तं म्या मोडलाच."

नऊ वर्षं आबाजी हे मनात धरून होते. मला साहेबांचा असा राग आला की ते समोर असते तर त्यांच्यावर अस्वल सोडलं असतं.

पण रागाच्या मागे डोक्यात काहीतरी टोचत होतं. एकतीस अंडी पेटीत, त्यातली सव्वीस जगली, सगळ्या माद्या. पाच रांजणाखाली. मॅडम म्हणाल्या होत्या, काहीतरी वेगळं हवं. मी कार्यालयाच्या ओसरीतल्या रांजणाखाली हात घातला. वाळू गारेगार! मग धावत जाऊन नोंद्याला गाठलं.

"नोंद्या, सव्वीसजणींची अंडी किती उबेत होती?"

"बत्तीस अंश. सर्व. एकसारखी."

"आणि पाच ठेंगूंची?"

"नोंद नाही. फक्त शेरा आहे, 'नियम मोडला'."

वा रे नोंद! शिक्षा लिहिली आणि रांजण लिहायचा राहिला. मी मॅडमच्या खोलीत शिरून एका दमात सगळं सांगितलं. रांजण, वाळू, आबाजी, अस्वल, सगळं एकातच. मॅडम आधी गोंधळल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"चैताली, माझीच चूक गं ही! माणसात मुलगा की मुलगी हे गुणसूत्रांवर ठरतं. गुणसूत्रं म्हणजे आई-बाबांकडून मिळालेल्या सूचनांच्या गुंडाळ्या. काही कासवांतही तसंच असतं. सोनकपाळीचं चुलत घराणं त्यातलं, म्हणून हीही तशीच, असं आम्ही धरून चाललो. पण पुष्कळ कासवांत ते ठरवते वाळू!"

"वाळूला काय कळतं?"

"वाळूला नाही, उबेला. सुरुवातीला भ्रूण नर नसतो आणि मादीही नसते. त्याच्या अंगात संप्रेरकं (शरीरात एकीकडून दुसरीकडे निरोप नेणारे रस) तयार होतात. ऊब जास्त असेल तर एक निरोप जातो आणि मादी घडते. ऊब कमी असेल तर दुसरा, आणि नर घडतो. नदीकाठी एक घरटं उन्हात, एक झाडाच्या सावलीत. म्हणून दोन्ही जन्मतात. इथे मात्र लवकर आणि जास्त पिल्लं निघावीत म्हणून सगळी अंडी बत्तीस अंशांत ठेवली."

"आणि गार वाळूत वाढ हळू होते! म्हणून ती एकोणीस दिवस उशिरा आली?"

"बरोबर. आणि कित्येक कासवांत नर आकारानं लहानच असतो."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. ठेंगू!

"पण हा अंदाज आहे," मॅडम म्हणाल्या. "बघितल्याशिवाय बोलायचं नाही. एकदा तसं करून पस्तावले आहे."

शुक्रवारी सकाळी फाटकाशी ही गर्दी. झेब्रे उतरले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. ट्रकवाला घड्याळ बघत होता. ठेंगूंच्या पाच पेट्या चढवायच्या होत्या आणि मॅडम आत नळी घेऊन बसल्या होत्या. ठेंगूंना आबाजींनी धरलं होतं, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात ते मान बाहेर काढत नाहीत.

पहिला ठेंगू. मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. "नर."

दुसरा, नर. तिसरा, नर. चौथा? नर. पाचवाही नर.

आबाजींना काही कळेना. "म्हंजे? सदोष हायेत का नाई?"

"नन्नावरे काका," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही ती अंडी वाळूत पुरली नसती, तर ही जात संपली होती."

आबाजी हातातल्या ठेंगूच्या कपाळावरचा ठिपका अंगठ्यानं पुसत राहिले. मला मात्र एवढा आनंद झाला की मी नोंद्यालाच मिठी मारली, आणि त्याच्या पत्र्यावर कोपर शेकून घेतलं.

मॅडमनी त्या दूरच्या प्राणिसंग्रहालयाला तिथूनच फोन लावला. खूप वेळ बोलल्या. झेब्र्यांच्या बदल्यात आमची मोरांची दोन कुटुंबं द्यायची ठरली. ट्रक रिकामा परत गेला आणि ठेंगू तलावात गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडमनी आबाजींना निरोप पाठवला. आबाजी अंड्यांच्या खोलीच्या दाराशी आले आणि तिथेच थबकले. दहा वर्षांत त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता. मग पूर्वीच्या सवयीनं चपला बाहेर काढून ते आत आले. मॅडमनी एक अंडं दिव्यासमोर धरलं. माथ्यावर खडूसारखा पांढरा डाग! अशी एकाहत्तर अंडी होती.

मी आनंदानं नाचले, पण डोक्यात नवाच गोंधळ सुरू झाला होता. "मॅडम, उन्हाळे तर वाढतच चाललेत. मग उद्या नदीची वाळूच तापली तर? तिथेही सगळ्या माद्याच?"

"तीच तर भीती आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणून काठावर सावलीची झाडं लावायला घेतली आहेत. ही पिल्लं सोडेपर्यंत ती वाढतील. तोवर किती अंश गार पुरे, ते आपल्याला शिकावं लागेल. कोणाला अजून नीट माहीत नाही." मग त्या आबाजींकडे वळल्या. "काका, निम्मी अंडी पेटीत ठेवते. उरलेली कुठे ठेवू, तुम्ही सांगा."

आबाजींनी मुळीच वेळ लावला नाही. त्यांनी टोपली उचलली, एकही अंडं न कलू देता ओसरीत आणली आणि रांजणाखालची वाळू हातानं उकरली. मी वाळूत उष्णतामापक खुपसला. नोंद्या मागोमाग आला होताच.

"ठिकाण?" त्यानं विचारलं.

"रांजणाखाली," आबाजी म्हणाले. मग जरा घुटमळून म्हणाले, "लिवशील ना बाप्पा? ऊब सत्तावीस. रोज सकाळी पाणी भरायचं. अन् ठेवणारा, श्रावण नन्नावरे."

"नोंद झाली," नोंद्या म्हणाला.